सोमवारी तीन ते पाच : नगरपरिषदेच्या अभिलेख अवलोकन सेवेचे परीक्षण

आमच्या नगरपरिषदेच्या इमारतीत शिरताना उजव्या हाताला, जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीशेजारी, एक निळा फलक लावलेला आहे. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कार्यालयातील अभिलेख नागरिकांना अवलोकनासाठी उपलब्ध राहतील, असे त्यावर लिहिले आहे. फलकापुढे पिण्याच्या पाण्याचा जार ठेवलेला असल्यामुळे ‘उपलब्ध’ हा शब्द बहुधा अर्धाच वाचता येतो. वर्षातून एकदा घरपट्टी भरायला जाणारा मी हा फलक पाहत आलो होतो आणि भिंतीवरच्या इतर सुविचारांप्रमाणेच तो वाचून पुढे जात होतो. गेल्या काही काळात मात्र मी या सेवेचा लाभ घेण्यासाठी सहा सोमवारी तिथे गेलो आणि त्यांपैकी चार वेळा मला कागद पाहायला मिळाले. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. नगरपरिषदेचे नाव मुद्दाम देत नाही. पुढे जे दोष सांगणार आहे ते एकाच गावाचे नाहीत, आणि ज्या दोन कर्मचाऱ्यांनी मनापासून मदत केली त्यांना माझ्या लिहिण्याचा त्रास व्हावा, हेही मला नको आहे.

माहितीचा अधिकार म्हटला की बहुतेकांना अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप आणि ३० दिवसांची प्रतीक्षा एवढेच आठवते. प्रत्यक्षात माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २(ञ) मध्ये या अधिकाराची व्याख्या करताना कामाची, दस्तऐवजांची आणि अभिलेखांची पाहणी ही गोष्ट सर्वांत आधी सांगितली आहे. टिपणे, उतारे आणि प्रमाणित प्रती घेणे हे त्यानंतर येते, आणि त्याच्याही पुढे साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क येतो, म्हणजे रस्त्यात कोणत्या प्रतीचे काँक्रीट ओतले हे नुसत्या कागदावरून मानून घेण्याचे बंधन नागरिकावर नाही. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी काढलेल्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यासाठी सोमवारचे हे दोन तास ठरवून दिले. पुणे महानगरपालिकेत हा प्रघात त्याच्याही बराच आधीपासून, २००९ पासून, होता. हेतू सरळ होता. लोकांनी येऊन फाइल पाहिली, तर अर्जांची आणि अपिलांची संख्या घटेल आणि दोन्ही बाजूंचा वेळ वाचेल.

इथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो, कारण पुढे तो उपयोगी पडतो. सोमवारची वेळ ही शासन निर्णयाने दिलेली सोय आहे. अवलोकनाचा हक्क मात्र कायद्याने दिलेला आहे. सोय काढून घेता येते, तिच्याकडे दुर्लक्ष करता येते, ‘आमच्याकडे ते चालू नाही’ असेही सांगता येते. हक्काच्या बाबतीत तसे करता येत नाही. एखाद्या कार्यालयाने सोमवारी दार लावून घेतले, तर माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, म्हणजे जोडपत्र ‘अ’, भरून त्यात प्रतींऐवजी अवलोकनाची मागणी करावी. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिला तास विनामूल्य असतो आणि त्यापुढे दर १५ मिनिटांना ५ रुपये पडतात.

मी या दाराशी गेलो तो आमच्या गल्लीतल्या रस्त्यामुळे. रस्ता काँक्रीटचा झाला, पहिल्याच पावसाळ्यात चार घरांच्या पायऱ्यांशी गुडघाभर पाणी साचले, आणि गल्लीतल्या सर्वांचे एकमत झाले की गटाराचे पैसे कोणीतरी खाल्ले. बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केलेला गल्लीतला एकमेव पेन्शनर मी असल्यामुळे कागद मागवण्याचे काम माझ्याकडे आले. मी रीतसर अर्ज केला. महाराष्ट्राच्या २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांच्या आत बसावा लागतो. ती अट मी पाळली, पण नेमके काय मागावे हेच मला माहीत नव्हते. ‘सदर रस्त्याच्या कामाची संपूर्ण माहिती मिळावी’ असे मी लिहिले. असे लिहिणे म्हणजे वाण्याच्या दुकानात जाऊन ‘किराणा द्या’ म्हणण्यासारखे आहे, हे आता कळते. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आले : माहिती विस्तृत स्वरूपाची असून ३१२ पृष्ठांची आहे, प्रतिपृष्ठ २ रुपयांप्रमाणे ६२४ रुपये भरावेत, अथवा कार्यालयीन वेळेत येऊन अवलोकन करावे. हे उत्तर टाळाटाळीचे आहे असे मी त्या वेळी घरी सर्वांना सांगितले. आज मला ते त्या कार्यालयाने दिलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटते.

पहिले दोन सोमवार वाया गेले. पहिल्या वेळी जन माहिती अधिकारी, म्हणजे माहिती देण्याची जबाबदारी असलेले साहेब, बैठकीला गेले होते आणि ‘साहेबांशिवाय फाइल काढता येत नाही’ असे सांगण्यात आले. दुसऱ्या वेळी साहेब होते, पण फाइल लेखापरीक्षणाला गेली होती. दोन्ही कारणे खरी असू शकतात, आणि बँकेत असताना मीही ग्राहकांना अशी खरी कारणे दिलेली आहेत. तरीही, ज्या सेवेची वेळ आठवड्यात दोनच तास आहे, तिच्या वेळी अधिकाऱ्याची बैठक असेल तर दुसऱ्या कोणाला तरी किल्ली देऊन ठेवणे ही फार मोठी अपेक्षा नव्हे. निदान कोणती फाइल कार्यालयाबाहेर आहे आणि कधी परत येणार आहे, याची एक वही दारात ठेवता येईल. दुसऱ्या सोमवारी परत निघताना मी अवलोकन नोंदवहीत ‘आलो होतो, फाइल मिळाली नाही’ असा शेरा लिहून खाली सही केली. हा शेरा पाहून लिपिकताई थोड्या अस्वस्थ झाल्या, आणि तिसऱ्या सोमवारी फाइल टेबलावर आधीच काढून ठेवलेली होती.

अभिलेख कक्ष म्हणजे तळमजल्यावरची, एके काळी जकातीची असावी अशी लांबट खोली आहे. लोखंडी मांडण्यांवर लाल कापडात बांधलेले गठ्ठे एका बाजूला आहेत, ते कायम जतन करायचे. बाकीचे अभिलेख त्यांच्या मुदतीप्रमाणे वेगळ्या रंगांच्या कापडात आहेत. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक दिवा आणि एक पंखा आहे, आणि तो पंखा पूर्ण वेगात लावला की कागद उडतात म्हणून तो एकवरच ठेवावा लागतो. स्वच्छता मला बरी वाटली. बसल्यावर ताईंनी पहिली गोष्ट केली ती माझ्या खिशातले पेन मागून घेण्याची. ‘काका, फक्त शिसपेन्सिल चालते. नियम आहे.’ मला ती त्यांची मनमानी वाटली, पण घरी येऊन पाहिले तर नियम खरोखरच तसा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अवलोकन करणाऱ्याला केवळ पेन्सिल जवळ ठेवता येते आणि इतर लेखनसाहित्य जन माहिती अधिकाऱ्याकडे जमा करावे लागते. मूळ कागदावर कोणी शाईने काही वाढवू नये, यासाठी ही अट आहे आणि ती मला पटते. मोबाइलने छायाचित्र काढू दिले नाही, ते मात्र पटले नाही. छायाचित्राने कागदाला शाई लागत नाही, आणि शंभर आकडे पेन्सिलीने उतरवून घेण्यात माझा एक तास गेला.

आता फाइलविषयी, कारण या सेवेची खरी किंमत तिथे कळते. कामाच्या फाइलचे दोन भाग असतात. एक टिपणी भाग आणि दुसरा पत्रव्यवहार भाग. अर्ज करून प्रती मागवणारे लोक बहुधा पत्रव्यवहारातले कागद मागतात, कारण त्यांची नावे त्यांना ठाऊक असतात : अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक. ज्याला कर्मचारी नुसते ‘एमबी’ म्हणतात त्या मोजमाप पुस्तिकेत प्रत्यक्ष किती लांबी, रुंदी आणि जाडीचे काम झाले याची जागेवर घेतलेली मोजमापे असतात, आणि देयक तिच्यावरून निघते. मी ही पुस्तिका प्रथम उघडली, कारण गल्लीच्या मते चोरी तिथे सापडायला हवी होती. रविवारी सकाळी नातवाला बरोबर घेऊन टेपने रस्त्याची रुंदी मी मोजून ठेवली होती. पुस्तिकेतली रुंदी आणि आमची रुंदी यांत बोटभरही फरक निघाला नाही. चाचणीचे अहवाल जोडलेले होते, देयकातून सुरक्षा ठेव कापलेली होती, दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत, चालू होता. छत्तीस वर्षे व्हाउचर तपासण्यात गेलेल्या माणसाच्या नजरेला ती फाइल नीट ठेवलेली दिसली, हे कबूल करायला मला थोडे जड गेले.

मग मी टिपणी भाग उघडला, तो केवळ वेळ उरला होता म्हणून. टिपणी भागात खालच्या पदापासून वरच्या पदापर्यंत चढत जाणाऱ्या स्वाक्षऱ्यांची एक गोष्ट असते. कनिष्ठ अभियंता लिहितो, शाखाप्रमुख त्याखाली सहमती देतो, लेखापाल निधीची स्थिती नोंदवतो, मुख्याधिकारी ‘मान्य’ किंवा ‘चर्चा करावी’ असे लिहितो. आमच्या रस्त्याच्या टिपणीत तिसऱ्या पानावर कनिष्ठ अभियंत्याने स्वच्छ शब्दांत लिहिले होते की, रस्त्याची पातळी उंचावणार असल्यामुळे उत्तर बाजूस पावसाळी गटार घेणे आवश्यक आहे, अन्यथा लगतच्या घरांत पाणी शिरण्याची शक्यता आहे. त्या परिच्छेदाच्या डाव्या समासात वेगळ्या शाईत एक ओळ होती : गटाराचे काम निधीच्या उपलब्धतेनुसार पुढील टप्प्यात घ्यावे. गटाराचे पैसे कोणी खाल्ले नव्हते. गटार मंजूरच झाले नव्हते. आम्ही गल्लीत वर्षभर ज्याला चोर म्हणत होतो त्या ठेकेदाराने त्याला सांगितलेले काम सांगितल्याप्रमाणे केले होते, आणि ज्या तरुण अभियंत्याच्या नावाने आम्ही बोटे मोडत होतो त्याने आमच्या पायऱ्यांशी साचणारे पाणी काम सुरू होण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवले होते.

हा कागद मी अर्ज करून कधीच मागितला नसता, कारण तो अस्तित्वात आहे हेच मला ठाऊक नव्हते. अवलोकन आणि प्रत यांत मला दिसलेला फरक हा आहे. प्रत मागणाऱ्याला उत्तराचे नाव आधी माहीत असावे लागते. अवलोकन करणाऱ्याला आपला प्रश्नच चुकीचा होता, हेही समजू शकते. त्या दिवशी मी केवळ टिपणीच्या चार पानांच्या प्रमाणित प्रती मागितल्या. आठ रुपये लागले.

समासातल्या त्या ओळीखाली एका ठरावाचा क्रमांक होता, म्हणून चौथ्या सोमवारी मी ठरावांची नोंदवही मागितली. इथे या सेवेला माझ्या लेखी सर्वांत मोठी मर्यादा दिसली, आणि तिचा दोष कार्यालयाकडे जात नाही. तो ठराव प्रशासकीय ठराव होता. २०२२ पासून राज्यातल्या बहुसंख्य महानगरपालिका आणि नगरपरिषदा निवडणुका लांबल्यामुळे कित्येक वर्षे प्रशासकांच्या, म्हणजे निवडून आलेल्या सभेऐवजी नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या, हाती होत्या, आणि त्या काळात सभेचे अधिकार प्रशासक वापरत असल्यामुळे एकाच अधिकाऱ्याने विषय मांडायचा आणि त्यानेच तो मंजूर करायचा, असे चालले होते. पूर्वीच्या इतिवृत्तांत निदान सूचक कोण, अनुमोदक कोण आणि विरोधात कोण बोलले, एवढे तरी सापडते. त्यातल्या ‘सर्वानुमते मंजूर’ या शब्दांमागे काही वेळा दोन तासांचा गदारोळ दडलेला असतो, तो वेगळा. आमच्या गटाराचा ठराव साडेतीन ओळींचा होता आणि ‘पुढील टप्प्यात’ का, याचे कारण त्यात नव्हते. कलम ४(१)(घ) प्रमाणे प्रशासकीय निर्णयांमागची कारणे बाधित व्यक्तींना देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. पण जे कारण कोणी लिहिलेच नाही, ते कपाटात कुठून सापडणार?

सभा खुली असणे आणि अभिलेख खुले असणे या गोष्टी आपण वेगळ्या समजतो, परंतु त्या एकाच दाराच्या दोन फळ्या आहेत. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा आहे, आणि महापालिकेच्या सभा लोकांसाठी खुल्या असाव्यात, उपस्थित सदस्यांच्या बहुमताने ठरवले तरच एखादी चर्चा बंद दाराआड व्हावी, हे तत्त्व त्यात तेव्हापासून आहे. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी अंमलात आला, म्हणजे सभेची फळी कागदपत्रांच्या फळीपेक्षा शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. मी आमच्या जुन्या सभागृहाच्या प्रेक्षक सज्ज्यात बसून सर्वसाधारण सभा ऐकलेल्या आहेत. तिथे आवाज नीट पोहोचत नाही, विषयपत्रिका प्रेक्षकांना मिळत नाही, आणि विषय क्रमांक १४ म्हणजे काय हे कळेपर्यंत सभा विषय क्रमांक १९ वर गेलेली असते. तरीही जे ऐकू येते ते इतिवृत्तात येत नाही, म्हणून त्या बसण्याला अर्थ आहे. प्रभागातल्या लोकांना थेट बोलता यावे म्हणून क्षेत्रसभेची तरतूद राज्याने २००९ च्या सुधारणेने शहरी कायद्यांत आणली. आमच्या प्रभागात क्षेत्रसभा झाल्याचे मला किंवा माझ्या शेजाऱ्यांना आठवत नाही.

तुलनेसाठी माझ्या मूळ गावाचा अनुभव सांगतो. तिथे ग्रामपंचायतीत मी कधी अर्ज केला नाही. भाऊसाहेबांना, म्हणजे पूर्वीच्या भाषेत ग्रामसेवकांना आणि आताच्या भाषेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, विचारले की नमुना क्रमांक ५ ची रोकडवही किंवा नमुना ८ ची करआकारणी नोंदवही ते टेबलावर ठेवतात आणि चहा मागवतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, सात दिवस आधी सूचना आणि दवंडी द्यावी लागते, आणि एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढ्यांची उपस्थिती गणपूर्तीसाठी लागते. एवढे करूनही कोरम भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे पुढच्या वेळी वीस जणांत वर्षाचा आराखडा मंजूर होतो. शहरात विचारायला जागा नाही आणि गावात जागा आहे पण विचारायला माणूस नाही. ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या संकेतस्थळावर, जे २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाले, पंचायतींचे आराखडे आणि खर्च पाहता येतात, आणि पुण्या-मुंबईत राहणारी गावची मुले ते पाहून फोनवर प्रश्न विचारू लागली आहेत, हा बदल मला दिसला. आमच्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर तसे काही नाही. तिथे ‘माहितीचा अधिकार’ या दुव्याखाली निघून गेलेल्या मुख्याधिकाऱ्यांचे नाव आणि बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) खाली १७ बाबी स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे आणि त्या दरवर्षी अद्ययावत करण्याचे जे बंधन आहे, त्याचे हे रूप.

या सेवेविषयी माझी मुख्य तक्रार मात्र संकेतस्थळाची किंवा वाया गेलेल्या सोमवारांची नाही. तक्रार सूचीची आहे. कलम ४(१)(क) नुसार प्रत्येक प्राधिकरणाने आपले सर्व अभिलेख रीतसर सूचिबद्ध करून आणि त्यांची निर्देशसूची तयार करून ठेवायला हवेत, म्हणजे माहितीचा अधिकार वापरणे सोपे जाईल. कायद्यात हे वाक्य स्वयंप्रेरणेने प्रसिद्धी करण्याच्या वाक्याच्याही आधी येते. पाचव्या सोमवारी मी ताईंना म्हणालो की, गेल्या दहा वर्षांत उत्तर भागातल्या पावसाळी गटारांविषयी ज्या फाइली झाल्या त्यांची यादी मला पाहायची आहे. त्यांनी मांडण्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘फाइल नेमकी कोणती ते सांगा, काका. यादी अशी नाही.’ त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. प्रत्येक गठ्ठ्यावर विभाग आणि वर्ष लिहिलेले आहे, आवक-जावक नोंदवह्या आहेत, कार्यविवरण नोंदवही आहे. पण विषयावरून फाइल शोधता येईल अशी सूची नाही, आणि ती वीस वर्षे त्याच कक्षात काम केलेल्या एका शिपाईमामांच्या डोक्यात आहे. मामांनी पाच मिनिटांत तीन गठ्ठे काढून दिले. मामा पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत.

सूची नसेल तर खुले कपाट हे बंद कपाटापेक्षा फार वेगळे राहत नाही, कारण नागरिकाला ज्याचे नाव माहीत आहे तेवढेच तो मागू शकतो, आणि मग अवलोकनाचा जो गुण मी वर सांगितला तो एकाच फाइलीच्या आत कोंडला जातो. त्यात आणखी एक धोका आहे. जी फाइल यादीत नाही ती हरवली तरी कळत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत कारावास किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण ‘अभिलेख आढळून येत नाही’ हे उत्तर घेऊन परतणाऱ्या माणसाला तो अभिलेख कधी होता, हे आधी सिद्ध करावे लागते. बँकेत एक व्हाउचर सापडले नाही तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसत असू, कारण त्याचा क्रमांक दिवसाच्या यादीत असे.

गोपनीयतेचा प्रश्न या सेवेत कसा हाताळतात, याविषयी चांगले बोलायला हवे. देयकाच्या कागदावर ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक होता, तो ताईंनी चिकटपट्टीच्या कागदाने झाकला आणि उरलेला कागद माझ्यापुढे ठेवला. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० मध्ये हेच सांगितले आहे. वगळण्याजोगा भाग वगळून बाकीचा द्यावा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) ची शब्दरचना बदलून वैयक्तिक माहितीचा अपवाद पूर्वीपेक्षा रुंद केला आहे. उद्या एखादे कार्यालय चिकटपट्टीऐवजी अख्खी फाइलच झाकू लागले तर हरकत घेण्याचे कष्ट वाढतील, ही भीती मला आहे. व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याची कलम ८(२) ची तरतूद तेव्हा कामाला येईल.

अपिलाचा मार्ग मला वापरावा लागला नाही. ज्यांना लागेल त्यांच्यासाठी इतके पुरे की, पहिले अपील ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे आणि दुसरे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे करता येते, विलंबासाठी अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये आणि कमाल २५ हजार रुपये शास्ती होऊ शकते, आणि आयोगाकडची तारीख मिळेपर्यंत रस्त्याचा दोषदायित्व कालावधी बहुधा संपलेला असतो.

गुण द्यायचेच तर कर्मचाऱ्यांच्या वागणुकीला मी पाचपैकी चार देईन, वेळ पाळण्याला दोन, खोलीला तीन आणि सूचीला शून्य. किंमत हा निकष लावला तर या सेवेला तोड नाही. सहा फेऱ्यांत माझे एकूण सव्वीस रुपये प्रतींवर खर्च झाले आणि एका माणसावर वर्षभर घेतलेला संशय मिटला. टिपणीच्या त्या चार पानांसह गल्लीतल्या बावीस घरांच्या सह्यांचे निवेदन आम्ही मुख्याधिकाऱ्यांना दिले आहे. त्यात चौकशीची मागणी नाही. कनिष्ठ अभियंत्याने जे लिहिले होते ते अंदाजपत्रकात घ्यावे, एवढीच विनंती आहे. निवेदनाला आवक क्रमांक मिळाला, आणि सहाव्या सोमवारी मी गेलो तेव्हा त्याची स्वतंत्र फाइल उघडलेली होती. तिच्या टिपणी भागात अजून एकच परिच्छेद आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांनी आपल्या कार्यालयात ही सोय चालू आहे का, हे शुक्रवारीच विचारून घ्यावे, आणि हव्या असलेल्या कामाचे नाव व आर्थिक वर्ष एका कागदावर लिहून तेव्हाच देऊन यावे. सोमवारी तीनला दहा मिनिटे कमी असताना पोहोचावे, कारण साडेचारला गठ्ठे बांधायला सुरुवात होते. प्रथम टिपणी भाग मागावा, पत्रव्यवहार नंतर. चष्मा विसरू नये, टिपणीतली अक्षरे बारीक असतात. शिसपेन्सिली दोन न्याव्यात. तिथे टोकयंत्र नाही.